चालत जाता येईल इतक्या अंतरावर

गेल्या पंधरवड्यात नारायण पेठेत, मोदी गणपतीच्या आसपासच्या गल्ल्यांत, एक चार पानी पत्रक घरोघर आलं. पेठेतल्या एका जुन्या संस्थेचं छोटं सभागृह आहे. ते आठवड्यातून एक संध्याकाळ दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या लोकांना सभेसाठी मिळावं, अशी विनंती काही जणांनी केली आहे. ती मान्य करू नये, असं पत्रक सांगतं. लिहिणारे सर निवृत्त शिक्षक आहेत, निर्व्यसनी आहेत, आणि पेठेतल्या कितीतरी मुलांच्या फिया त्यांनी गाजावाजा न करता भरल्यात हे मला ठाऊक आहे. त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांनी जे लिहिलंय ते चूक आहे, आणि ही नुसती मतभेदाची बाब नाही. या समजुतीपायी माणसं दगावतात. म्हणून हे उत्तर.

पत्रकाचा गाभा असा: व्यसन हा स्वभावाचा दोष आहे. ज्याला सोडायचं तो मनावर घेतो आणि सोडतो. ज्याला सोडायचं नाही त्याच्यापुढे देवानंही हात टेकले. केंद्रं हा पैसे उकळायचा धंदा झालाय. तिथून आलेले दोन महिन्यांत पुन्हा बाटली धरतात. आणि एवढं करून कुणाला जायचंच असेल तर येरवड्याला व्यसनमुक्तीची सोय आहे, पेठेत कशाला?

मनावर घेण्याचा पुरावा म्हणून सरांनी श्रावण पुढे केलाय. अट्टल पिणारेसुद्धा श्रावण पाळतात, महिनाभर थेंब घेत नाहीत, मग बारा महिने का जमू नये? श्रावण पाळणाऱ्यांत पुष्कळ जण असे असतात की त्यांना व्यसन जडलेलंच नसतं. त्यांचं उदाहरण इथे लागू नाही. उरलेल्यांनी पुन्हा सुरू करायची तारीख आधीच धरून ठेवलेली असते. दारू सोडणं आणि ठरावीक दिवसापर्यंत थांबणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि तिसरा एक गट आहे, ज्याचा पत्रकात उल्लेखच नाही: ज्याच्या शरीरालाच दारूची सवय लागलीय, असा माणूस गटारीच्या दुसऱ्या दिवशी एकदम बंद करतो तेव्हा काय होतं?

माझ्या थोरल्या भावानं असा श्रावण धरला होता. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पहिल्या दिवशी घाम आणि हातांची थरथर इतकी, की चहाची बशी तोंडापर्यंत जाईना. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा कॉटवर बसून चादरीवरच्या मुंग्या चिमटीत धरून एकेक तळहातावर ठेवत होता, आणि वहिनीला म्हणत होता, वाटी आण, सांडतील. चादरीवर एकही मुंगी नव्हती. शेजारच्या दोघांनी बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून अंगाऱ्याचा सल्ला दिला. गावातल्या एका फिजिशियननं, ज्यांचं दहा खाटांचं साधं हॉस्पिटल होतं, त्याला दाखल करून घेतलं, झोपेची आणि मेंदू शांत करणारी औषधं दिली, जीवनसत्त्व बी-1 ची इंजेक्शनं दिली. पाचव्या दिवशी त्यानं वहिनीला ओळखलं.

याला वैद्यकात डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दारू मेंदूचं काम मंदावते, म्हणून मेंदू स्वतःला उलट बाजूनं जास्त चेतवत राहतो. वर्षानुवर्षं ही रस्सीखेच चालते, आणि दारूची बाजू एकदम सुटली की मेंदू भलत्याच वेगानं मागे फेकला जातो. फिट येते ती साधारण पहिल्या दोन दिवसांत, भास आणि बरळणं बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. उपचार नसतील तर यात मृत्यू येऊ शकतो. लोकांचा समज नेमका उलटा आहे. ब्राउन शुगर म्हणजे गर्द घेणाऱ्याची ती तुटतानाची 'टर्की' बघवत नाही, उलट्या, हगवण, हाडं मोडल्यासारखं दुखणं, म्हणून ती सगळ्यांना भयंकर वाटते. पण एरवी धडधाकट माणसाचा जीव ती सहसा घेत नाही. दारू एकदम तोडणं मात्र घेऊ शकतं. (गर्दच्या बाबतीत धोका निराळा: काही आठवडे बंद राहिलेल्या माणसानं जुन्याच मापानं घेतलं तर शरीराला ते झेपत नाही, आणि तिथे प्राण जातो.) हा तपशील मी एवढ्यासाठी दिला की, 'मनावर घे आणि आजपासून बंद कर' हा सल्ला रोज पहाटेपासून पिणाऱ्याला देणं म्हणजे त्याला डॉक्टरशिवाय एका गंभीर आजारात ढकलणं आहे. दादानं मनावर घेतलंच होतं. मनोनिग्रह कमी पडला म्हणून त्याला मुंग्या दिसल्या नाहीत.

सरांनी वारकऱ्यांचं उदाहरण घेतलेलं नाही. घ्यायला हवं होतं, कारण त्यांच्या बाजूचं सगळ्यात बळकट उदाहरण तेच आहे. माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसं महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात भेटतील. ना गोळी, ना केंद्र. पण माळ घातल्यावर त्या माणसाच्या आयुष्यात काय काय बदलतं ते नीट पाहा. संध्याकाळी ज्या वेळेला पाय गुत्त्याकडे वळायचे त्या वेळेला मंदिरात हरिपाठ असतो, आणि आला नाही तर कुणीतरी घरी विचारायला येतं. पंधरा दिवसांनी एकादशी येते. वर्षाला वारी असते, दिंडीत त्याची जागा असते. गावातल्या सगळ्यांना कळलेलं असतं, त्यामुळे पूर्वीचे सोबती त्याला बोलवायचे थांबतात. त्याच्याआधी माळ घालून दारू सोडलेली चार माणसं त्याच्या शेजारी टाळ वाजवत उभी असतात. एकट्याच्या निग्रहाचा यात वाटा आहे, पण त्याला दर संध्याकाळी आधार देणारी माणसं चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत, म्हणून तो टिकतो.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे एए ची सभा याहून फार वेगळी नसते. 1935 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी शेअर बाजारात काम करणारे बिल विल्सन कामानिमित्त गेले होते. काम फसलं, प्यायची ऊर्मी आली, आणि त्यांनी दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्या माणसाचा शोध सुरू केला, कारण आपल्याला तोच समजून घेईल असं त्यांना वाटलं. भेटले ते सर्जन डॉ. बॉब स्मिथ. त्या दोघांच्या बोलण्यातून जे उभं राहिलं त्याला फी नाही, वर्गणीची सक्ती नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. लोक गोल बसतात, एकेक जण आपलं शेअरिंग करतो, चहा होतो, घरी जातात. पेठेनं घाबरावं असं त्यात काय आहे?

धंद्याच्या आरोपाबाबत मात्र मी सरांशी भांडणार नाही. तो बऱ्याच ठिकाणी खरा आहे. लहान गावांत हे कसं चालतं ते सांगते. भिंतीवरची जाहिरात वाचून घरचे फोन करतात, रात्री गाडी येते, चार तगडी पोरं माणसाला उचलून नेतात. महिनाभर घरच्यांना भेट नाही, फोन नाही. आत डॉक्टर आहे की नाही हे कुणी विचारत नाही, कारण घरात चार आठवडे शांतता मिळालेली असते आणि ती हवीच असते. त्या बायकोला किंवा आईला मी दोष देणार नाही. पण दुसरी जाहिरात याहून वाईट: 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा.' चहा-आमटीतून द्यायच्या त्या पुड्यांत काय असतं हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. डायसल्फिरामसारखं औषध त्यात असेल आणि वरून तो माणूस प्यायला, तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवावर बेततं. हेच औषध माणसाला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरच्या नजरेखाली दिलं तर कामाचं आहे. लपवून दिलं तर विषप्रयोग आहे.

पण वाईट केंद्रं आहेत म्हणून उपचारच खोटे, हा तर्क चालत नाही. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे जडणाऱ्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत. अशा माणसांना दाखल करून उपचार करणाऱ्या केंद्राची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे हवी. कुणालाही कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधता येत नाही. माणसाच्या संमतीशिवाय ठेवायचं तर त्याला ठरलेली प्रक्रिया आणि मुदत आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असंही हा कायदा सांगतो. तेव्हा केंद्र शोधणाऱ्यानं बाग आणि खोल्यांचे फोटो बघू नयेत. नोंदणीचा कागद मागावा, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि आठवड्यातून किती वेळा येतात हे विचारावं, आतल्या माणसाला भेटू देतात का ते बघावं. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: इथून सुटल्यावर पुढची दोन वर्षं तुम्ही काय करता? ज्या केंद्राकडे याचं उत्तर नाही त्यानं घेतलेले पैसे वाया गेले असं खुशाल समजावं. एम.डी. (मेफेड्रोन) किंवा गर्द घेणाऱ्या मुलाचे आईबाप पोलिसांच्या भीतीनं घर बंद करून बसतात. त्यांनी अमली पदार्थविरोधी कायद्याचं, 1985 च्या एनडीपीएसचं, कलम 64ए वकिलाकडून समजून घ्यावं. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या गुन्ह्यात जो व्यसनी आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो आणि ते पूर्ण करतो, त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची त्यात तरतूद आहे.

चांगलं केंद्र कसं असतं हे पुण्याला नव्यानं सांगायची गरज नाही. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदत पुढे केली, आणि 1986 साली डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. त्या स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या. 1997 मध्ये त्या गेल्या. काम थांबलं नाही. तिथले उपचाराचे साधारण पाच आठवडे सगळ्यांना माहीत असतात. पण मला त्या कामाचा जीव दुसरीकडेच दिसतो: बऱ्या झालेल्या रुग्णमित्रांनी नव्या रुग्णमित्रांना सांभाळणं, बायकांसाठी 'सहचरी'चा गट, आणि वेगवेगळ्या गावांमध्ये चालणारी फॉलोअपची केंद्रं. येरवड्यातल्या माणसांनीच फार पूर्वी ओळखलं की येरवडा पुरेसं नाही. सर मात्र अजून तिकडेच बोट दाखवतायत.

आता पुन्हा पिण्याबद्दल. 'तीनदा जाऊन आला, काय उपयोग झाला?' हे वाक्य प्रत्येक व्यसनी माणसाच्या घरानं ऐकलेलं असतं. रक्तदाबाच्या रुग्णाची गोळी चुकली, रक्तदाब वाढला, तर आपण गोळी निरुपयोगी म्हणत नाही. डॉक्टरकडे पुन्हा जातो. 2000 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक लेख आला होता. व्यसनाच्या उपचारांनंतर पुन्हा घसरण्याचं प्रमाण 40 ते 60 टक्के, आणि रक्तदाब व दम्यात आजार पुन्हा बळावण्याचं प्रमाण त्याच्या आसपास किंवा थोडं जास्तच, असं त्यात मांडलं होतं. दीर्घकाळचा आजार आहे, तो दीर्घकाळच्या आजारासारखा वागतो. स्लिप झाली म्हणजे उपचार हरले, असं म्हणणाऱ्यानं आधी मधुमेहाचे दवाखाने बंद करावेत.

आणि माणूस घसरतो कुठे, हेही पाहायला हवं. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास पाचवा हिस्सा तिथे हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेनं परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला तेव्हा व्यसन जडलेल्यांपैकी फक्त पाच टक्क्यांच्या आसपास लोक पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले सापडले. सैनिक व्यसन जिथे लागलं ती जागा मागे टाकून घरी आले होते. आपल्याकडे उलटं होतं. माणूस पुण्यात बरा होतो आणि जिथे व्यसन लागलं त्याच एसटी स्टँडवर उतरतो. समोर परमिट रूम, बाजूला अंडाभुर्जीची गाडी, तेच सोबती, तीच उधारी, आणि आता वर बेवडा म्हणून झालेलं नाव. त्याच्या बाजूनं उभं राहणारं तिथे कुणी नसतं. दादा दोनदा पुण्याहून चांगला होऊन गेला आणि दोनदा घसरला. तिसऱ्या वेळी गावात दर गुरुवारी शाळेच्या एका वर्गात सात-आठ जणांची सभा भरायला लागली होती. त्यात एक कंडक्टर, एक शिंपी, एक पतपेढीतला क्लार्क. त्या कंडक्टरनं पहिले सहा महिने ड्युटीवरून सुटल्यावर रोज रात्री दादाला फोन केला. पाच आठवडे उपचार पुण्यातच झाले होते, तेही लागले होते. पण टिकला तो गुरुवारमुळे.

म्हणून पेठेत. 'आपल्या पेठेत हा प्रश्न नाही, बाहेरून आलेल्या पोरांचा आहे' असं पत्रकाच्या शेवटच्या पानावर आहे. अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं एकटी बसणारी, लातूर-परभणी-जळगावहून आलेली मुलं आपल्याच वाड्यांत भाडं भरून राहतात. ती बाहेरची कशी? फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा जो प्रचंड साठा पकडला, त्याची सुरुवात सोमवार पेठेतून झाली होती आणि धागा कुरकुंभच्या कारखान्यापर्यंत गेला होता. पेठेच्या हद्दीवर काही अडत नाही. आणि मुलं सोडा. दार लावून रोज क्वार्टर संपवणारे, सकाळी बडीशेप चघळत ऑफिसला जाणारे पन्नाशीचे गृहस्थ याच गल्ल्यांत आहेत. त्यांच्या बायकांना हे ठाऊक आहे. त्या बोलत नाहीत, कारण बोलायला जागा नाही. तीच जागा मागितली जातेय.

पेठेच्या परंपरेचा दाखला सरांनी दिला आहे, तर तोही पुरा पाहू. 1880 साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरातल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. 1908 च्या उन्हाळ्यात पुण्यातल्या दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहून गिऱ्हाइकांना हात जोडून परत फिरवत होते. काहींवर खटले झाले. त्या चळवळीचे पुढारी लोकमान्य टिळक, आणि त्यांचं घर नारायण पेठेतला गायकवाड वाडा. जूनमध्ये त्यांना राजद्रोहासाठी अटक झाली. पेठेची परंपरा सांगायची तर ती ही आहे: पिणाऱ्याला रस्त्यात गाठून, माणूस म्हणून त्याच्याशी बोलायचं.

लहान गावात केंद्र कुठून आणायचं, असं मला नेहमी विचारलं जातं. मोठं केंद्र आणायलाच पाहिजे असं नाही. दारू तोडतानाचे, म्हणजे विथड्रॉवलचे, पाच-सात दिवस तालुक्याच्या चांगल्या फिजिशियनकडे निघतात. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधं जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ लिहून देऊ शकतात. आणि ज्यांना अजून पक्कं व्यसन जडलेलं नाही पण पिणं नुकसान करायला लागलंय, त्यांच्यासाठी गोव्यानं वाट दाखवली आहे. तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर एक चाचणी झाली, 2017 मध्ये ती लॅन्सेटमध्ये छापून आली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. नीट शिकवून तयार केलेली स्थानिक माणसं होती. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी, गेल्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले समुपदेशनाच्या गटात 42 टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात 18 टक्के. गोव्यात जमतं ते सावंतवाडीत आणि करमाळ्यात का जमू नये?

जमत नाही याचं कारण पैशाची कमतरता हे असू शकत नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेलं 2019 चं सर्वेक्षण सांगतं की देशात दारूचं व्यसन जडलेल्या 38 माणसांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते, आणि दाखल होऊन उपचार 180 मधल्या एकाला. महाराष्ट्राचं स्वतःचं व्यसनमुक्ती धोरण 2011 पासून कागदावर आहे. आणि जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, त्यातून वर्षाला 14,000 कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सांगितला. हा पैसा ज्यांच्या खिशातून येतो त्यांतली बरीच माणसं आज आजारी आहेत. 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, 14416 ही मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन आहे. दोन्ही फुकट आहेत, वापराव्यात. पण फोनवरचा माणूस संध्याकाळी सात वाजता शेजारी येऊन बसू शकत नाही.

सभागृहाचा निर्णय संस्थेचे विश्वस्त घेतील, आणि त्यांनी ते द्यावं असं मी त्यांना लेखी कळवलंय. त्याखेरीज आम्ही काही जण एक निवेदन तयार करतोय. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात विथड्रॉवलची औषधं आणि बी-1 ची इंजेक्शनं कायम साठ्यात असावीत. पंधरवड्यातून एकदा तरी जिल्ह्याचे मानसोपचारतज्ज्ञ तिथे यावेत. प्रत्येक तालुक्याला दोन प्रशिक्षित समुपदेशक मिळावेत, आणि संध्याकाळी सभेसाठी सरकारी इमारतीतली एक खोली खुली असावी. जादा 14,000 कोटींतले किती यासाठी ठेवले, हे सरकारनं विधानसभेत सांगावं. निवेदन पुढच्या आठवड्यात पेठेत फिरेल. त्यावर पहिली सही सरांनी करावी, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.